सेवेरिना आणि चर्चची चांदी

सान एलिहियो गावात सेवेरिना दुमलाओचा माग नावाजलेला होता. तिनं विणलेली चादर नवरीबरोबर सासरी जायची आणि नवरीची नात तीच चादर पांघरायची, असं बायका सांगतात. नवरा प्रुदेन्सियो चर्चचा सेवक होता. घंटा वाजवायची, वेदी पुसायची, मेणबत्त्या लावायच्या, पाद्रींचे झगे घडी करून ठेवायचे, ही त्याची कामं. बोलणं बेताचं. दोघांना एक मुलगी, मार्सेलिना, आणि तिच्या पाठीवर आमादो.

आमादो सहा महिन्यांचा असताना तापानं गेला. साल एकेचाळीस, महिना डिसेंबर. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बातमी आली की जपानी फौज विगानच्या किनाऱ्यावर उतरली. दुपारपर्यंत अर्धा गाव डोंगराच्या वाटेला लागला होता. कुणी रेड्याच्या गाडीत भाताची पोती टाकली, कुणी कोंबड्या पिंजऱ्यासकट पाठीवर घेतल्या. सेवेरिनाच्या घरात मात्र मधोमध दीड हाताची पेटी होती. प्रुदेन्सियोनं रात्रीतून स्वतःच्या हातानं केलेली.

"तू पोरीला घेऊन पुढं हो," तो म्हणाला. "मी याला पुरून मागनं येतो."

"मी थांबते. माती टाकल्याशिवाय मी नाही हलणार."

"सेवेरिना, ऐक. पाद्री माझ्याबरोबर आहेत. सगळं रीतसर होईल. पोरीचा विचार कर."

तिनं पेटीवर ओठ टेकवले आणि पोरीचा हात धरून निघाली. तिला मागं वळून बघायचं होतं, पण पाच वर्षांची मार्सेलिना रडायला लागली म्हणून ती वळली नाही.

प्रुदेन्सियो दोन दिवसांनी डोंगरातल्या वस्तीवर पोचला. सेवेरिनानं विचारलं, "कुठं ठेवलास त्याला?"

"आईशेजारी. भिंतीला लागून."

पुढं फौजा स्थिरावल्यावर माणसं गावात परतली, तेव्हा सेवेरिना आधी कबरस्तानात गेली. सासूच्या कबरीशेजारी छोटा लाकडी क्रूस रोवलेला होता. दर रविवारी ती तिथं जाऊन गवत उपटू लागली. प्रुदेन्सियो कधीच बरोबर आला नाही. बापाचं काळीज हळवं असतं, त्याला बघवत नसेल, अशी तिनं स्वतःची समजूत घातली होती.

त्रेचाळीस साली म्हातारे पाद्री हिवतापानं गेले. पंचेचाळीसच्या जानेवारीत माघार घेणाऱ्या जपान्यांनी ओझी वाहायला गावातले अकरा पुरुष नेले. त्यांत प्रुदेन्सियो होता. अकरांतले दोन परत आले. तो त्या दोघांत नव्हता.

लढाई संपली तेव्हा चर्चचं छप्पर जळून गेलं होतं आणि भिंती तेवढ्या उभ्या होत्या. पहिली प्रार्थना उघड्या आभाळाखाली झाली. ती संपल्यावर गावाला आठवण झाली ती चर्चच्या ठेव्याची. मारियामातेचा सोन्याचा मुकुट, पवित्र भाकर ठेवायचं चांदीचं किरणपात्र, दोन प्याले, मातेच्या गळ्यातल्या जपमाळा. हे सगळं जपानी गावात यायच्या आदल्या दिवशी पाद्रींनी आणि प्रुदेन्सियोनं लपवलं, एवढं सगळ्यांना माहीत होतं. कुठं लपवलं, ते माहीत असणारे दोघंही आता नव्हते.

क्रिसांतो माडारांग तेव्हा चर्चसमितीचा प्रमुख होता. तंबाखूचा मोठा शेतकरी, आवाजही मोठा. पण पहिल्यांदा आला तो टोपी हातात धरून.

"सेवेरिना, तुझं दुःख आम्हाला कळतं. पण तो जाताना काही बोलला असेल."

"काही नाही बोलला, मानोंग." वडीलधाऱ्या पुरुषाला आमच्याकडे मानोंग म्हणतात, बाईला मानांग.

"आठवून बघ. नवरा बायकोला सांगतोच."

"तुम्ही सांगता का मानांगला सगळं?"

बरोबरची माणसं हसली. क्रिसांतोही हसला, पण ते हसू त्याच्या डोळ्यांपर्यंत पोचलं नाही.

मग खणणं सुरू झालं. आधी वेदीखालची फरशी काढली. मग पाद्रींच्या घराची विहीर उपसली. मग घंटेच्या मनोऱ्याचा तळ. आमच्याकडे मनोरा चर्चपासून वेगळा, पंचवीस पावलांवर उभा असतो. त्याच्या पोटातली जमीन माणसांनी कमरेइतकी खोल खणली. काही मिळालं नाही. त्या उन्हाळ्यात गावात पुरुषभर खोलीचे खड्डे इतके झाले की दोन रेडे पाय मोडून मेले.

आणि प्रत्येक रिकाम्या खड्ड्याबरोबर लोकांच्या नजरा सेवेरिनाच्या घराकडे थोड्या जास्त वळत गेल्या.

सत्तेचाळीसमध्ये तिच्या घराखालची जमीन खणली. घर खांबांवर उभं, खाली कोंबड्या आणि माग. माग बाजूला काढताना त्याची पायानं दाबायची एक पावडी मोडली. ती जिन्यावर बसून बघत राहिली. कुणाला अडवलं नाही. संध्याकाळी माणसं गेल्यावर तिनं आणि मार्सेलिनानं फावड्यानं माती परत लोटली.

गावाच्या जिभेला हाड नसतं. तिनं छपरावर गवताऐवजी पत्रा घातला, तर "एक प्याला वितळवला वाटतं." मार्सेलिनाला कॉन्व्हेंटच्या शाळेत घातली, तर "मातेच्या जपमाळांवर शिकतेय." तिच्या चादरी मात्र लोक घ्यायचे, कारण तशी चादर दुसरीकडे मिळत नव्हती. चादर घेताना बायका विचारायच्या, "खरंच तुला काही माहीत नाही का गं?" आणि ती म्हणायची, "तुमच्या मुलीच्या लग्नाला पांघराल तेव्हा आठवा, मी खोटं बोलत नाही ते."

चोपन्न साली मार्सेलिनाचं लग्न ठरलं. मुलगा शेजारच्या गावचा, सुताराचा. साखरपुड्याचं जेवणही झालं होतं. पण पंधरा दिवसांत मुलाची आई आली आणि अंगणातच उभं राहून म्हणाली, "आमच्या घरावर चोरीचा ठपका नको." तिला वर बोलावलं तरी ती जिना चढली नाही.

मार्सेलिना त्या दिवशी मागाशी बसली आणि तिनं दोन बोटं कापड विणलं, सगळं चुकीचं. सेवेरिनानं ते उसवलं.

त्याच्या पुढच्या वर्षी मार्चमध्ये क्रिसांतोनं मनिलाहून एक माणूस आणला. त्याच्याकडे अमेरिकन लष्करानं टाकून दिलेलं, सुरुंग शोधायचं यंत्र होतं. लांब दांड्याला लावलेली थाळी आणि कानांवर चढवायचे डबे. तो माणूस चार दिवस गावात फिरला. यंत्रानं खिळे दाखवले, बंदुकीच्या गोळ्या दाखवल्या, एक मोडका नांगर दाखवला. पाचव्या दिवशी तो कबरस्तानात गेला. भिंतीशी, त्या छोट्या क्रूसाशी, तो थांबला. पुढं गेला, परत मागं आला. मग कानांवरचे डबे काढून क्रिसांतोच्या हातात दिले.

संध्याकाळी क्रिसांतो आणि नवे पाद्री दोघं तिच्याकडे आले. पाद्री तरुण होते, दुसऱ्या प्रांतातले.

"खिळे आहेत ते," सेवेरिना म्हणाली. "माझ्या नवऱ्यानं पेटीला खिळे मारले होते. मी मोजले नाहीत, पण मारले होते."

"खिळ्यांचा आवाज एवढा येत नाही म्हणतो तो," क्रिसांतो म्हणाला.

"मग त्या माणसाला विचारा, त्यानं किती पोरं पुरलीत ते."

पाद्री हळू आवाजात म्हणाले, "ताई, कुणी तुमच्यावर जबरदस्ती करणार नाही. तुम्ही नको म्हणाल तर नको."

"नको," ती म्हणाली.

ते गेले. गावात दुसऱ्या दिवशी एकच बोलणं. पाणी कुठं मुरतंय ते कळलं म्हणे. दहा वर्षं घर खणू दिलं, अंगण खणू दिलं आणि कबर खणायची वेळ आली तर नको. बाजारात एका बाईनं तिला सूत विकायचं नाकारलं.

शेवटी मार्सेलिनाच म्हणाली. भाकरीचं पीठ मळावं तसा भात हातानं कुस्करत, आईकडे न बघता.

"नानांग, खणू दे त्यांना."

"तुझा भाऊ आहे तो."

"माहितीय मला. खणू दे. त्यांना बघू दे की तिथं हाडांशिवाय काही नाही. मग मी या गावात मान वर करून चालेन. नाहीतर मला इथं कोण करून घेणार?"

सेवेरिनानं तिच्याकडे पाहिलं. पोरगी एकोणीस वर्षांची झाली होती आणि तिच्या कपाळावर दोन आठ्या कायमच्या पडल्या होत्या.

"मी तिथं उभी राहणार," ती म्हणाली. "आणि पेटी मी उघडणार. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही."

शनिवारी सकाळी अर्धा गाव भिंतीशी जमला. पाद्रींनी प्रार्थना म्हटली. दोघांनी खणायला सुरुवात केली, हळूहळू, पहारीचा आवाज होऊ न देता. कमरेइतकं खोल गेल्यावर लाकूड लागलं. लाकूड टिकलं होतं. प्रुदेन्सियोनं चांगलं लाकूड वापरलं होतं.

पेटी वर काढायला दोघं खाली वाकले, आणि एक जण म्हणाला, "जड आहे." तिसऱ्यानं हात लावला तेव्हा ती वर आली.

सेवेरिना गुडघ्यांवर बसली. घरून आणलेल्या कोयत्याच्या टोकानं तिनं झाकण उचकटलं. आत मेणकापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं. तिनं मेणकापड उलगडलं. मातेचा मुकुट होता तो. त्याखाली किरणपात्र, तुकडे सुटे करून ठेवलेलं. प्याले. काळवंडलेल्या जपमाळा.

मग कुणीतरी गुडघे टेकले, मग सगळ्यांनी. बायका रडत होत्या. क्रिसांतो माडारांग, दहा वर्षं तिच्या मागं लागलेला माणूस, मुकुट दोन्ही हातांत धरून पोरासारखा हुंदके देत होता. कुणीतरी घंटा वाजवायला पळालंही.

सेवेरिना रिकाम्या पेटीत हात घालून तळ चाचपत होती.

"माझं पोर कुठंय?" तिनं विचारलं.

कुणाला ऐकू गेलं नाही. तिनं परत विचारलं, क्रिसांतोच्या बाहीला धरून. प्रश्न त्याच्या डोक्यात शिरायला वेळ लागला.

"मानोंग, माझं पोर कुठंय?"

"खाली असेल," तो म्हणाला. "खालीच असणार."

पाद्रींनी माणसांना अजून खणायला सांगितलं. ती हातभर आणखी खाली गेली. तिथं पिवळी, घट्ट चिकणमाती होती. जन्मापासून कुणी न हलवलेली. खणणाऱ्यानं पहार टेकवली आणि मान हलवली.

गावात तीन दिवस जेवणावळी झाल्या. डुकरं कापली, उसाची दारू वाहिली. चौथ्या दिवशी बोलणं सुरू झालं, आणि ते मार्सेलिनाला वाटलं होतं त्याच्या बरोबर उलट होतं. तिला माहीतच होतं म्हणे सगळं. म्हणून तर नको म्हणत होती. स्वतःच्या पोराची पेटी रिकामी करून त्यात देवाचं सोनं ठेवलं आणि वर चौदा वर्षं गवत उपटायचं नाटक केलं. कुणी असंही म्हणालं की दोन प्याल्यांबरोबर एक तबक होतं, ते कुठं आहे.

मार्सेलिनाला मान वर करून चालायचं होतं ते काही झालं नाही. त्याच वर्षाच्या शेवटी एक फेरीवाला, कागायानच्या खोऱ्यातला, तिला मागणी घालायला आला. त्याला या गोष्टीतलं काही माहीत नव्हतं. ती त्याच्याबरोबर गेली. जाताना आईला म्हणाली, "तूही चल." सेवेरिना म्हणाली, "मला इथं काम आहे."

काम म्हणजे खणणं. आता गावानं पहारी ठेवून दिल्या होत्या आणि ती एकटी खणत होती. पाद्रींनी तिला परवानगी दिली होती. सकाळी माग, दुपारनंतर पहार. चर्चच्या भिंतीची पूर्वेकडची बाजू, मग पाद्रींच्या घरामागची केळीची जागा. ती विचार करून खणायची. प्रुदेन्सियोकडे त्या दिवशी वेळ किती होता. त्यानं पोराला अपवित्र जमिनीत ठेवलं नसतं, एवढं नक्की. रस्त्यावरून त्याला कुणी बघितलं नसणार. म्हणजे चर्चच्या आवारातच. लोक कुंपणापाशी थांबून बघायचे.

"तबक शोधतेयस का गं?" एकदा एक म्हातारी म्हणाली.

सेवेरिनानं घाम पुसला. "हो," ती म्हणाली. "सापडलं की तुझ्या तोंडावर झाकण घालते."

मेलानियो गवंडी हे दोन महिने बघत होता. चर्चची नवी भिंत तोच बांधत होता. चाळिशीच्या आतबाहेरचा, सतत खोकणारा माणूस. उपासाच्या दिवसांत, एका शुक्रवारी, तो तिच्याजवळ आला आणि खड्ड्याच्या कडेला उकिडवा बसला. चिरूट पेटवला, पण ओढला नाही.

"मानांग, खणू नका आता."

"तुला कुणी पाठवलं?"

"कुणी नाही. माझं मीच आलो." त्यानं चिरुटाची राख झटकली. "आपण शेहेचाळीसमध्ये घंटेच्या मनोऱ्याचा तळ खणला होता. आठवतंय? मी होतो त्यात. मी आणि अजून तिघं. ते तिघं आता नाहीत इथं."

"मग?"

"कोपऱ्यात एक गाठोडं लागलं. कापडाचं. दोन्ही टोकांना गाठ. बारीक हाडं होती आत. आम्हाला वाटलं, जुनं काहीतरी असेल. चर्चच्या आवारात कुठंही खणलं तर हाडं लागतात, मानांग. तुम्हाला माहितीय."

सेवेरिना पहारीवर हात ठेवून उभी होती.

"कापड कसलं?"

"आपल्याकडचंच विणलेलं. निळ्या चौकडीचं. उभी रेघ दुहेरी."

निळ्या चौकडीवर दुहेरी उभी रेघ गावात एकाच मागावर निघायची. आमादोच्या पाळण्यासाठी तिनं ते कापड विणलं होतं आणि त्यातच त्याला गुंडाळलं होतं.

"कुठं टाकलंत?"

मेलानियोनं चिरूट मातीत विझवला. मग म्हणाला, "मनोऱ्यातली सगळी माती गाड्यांनी पुलाकडे नेली होती. पुलाच्या तोंडाशी रस्त्याचा भराव घालत होते तेव्हा. त्याच मातीत गेलं ते."

"पाद्रींना नाही सांगितलंत?"

"काय सांगायचं, मानांग? आम्ही सोनं शोधत होतो. हाडांकडे कोण बघतो."

त्याला वाटलं ती ओरडेल, पहार उगारेल. तो तयार होऊन आला होता. पण ती खड्ड्याच्या कडेवर बसली, त्याच्या शेजारी, आणि तिला आठवलं की लढाईच्या दिवसांत घंटा वाजवायला बंदी होती, तरी प्रुदेन्सियो रोज संध्याकाळी झाडू घेऊन मनोऱ्यात जायचा. जिथं काही वाजत नव्हतं, काही चालत नव्हतं, तिथं झाडायला. ती त्याला हसायची. एकदा म्हणाली होती, "वटवाघळांची घाण काढून तुला पगार मिळतो का?" तो झाडू उचलून निघून गेला होता.

"तू आता सांगितलंस, हे बरं केलंस," ती मेलानियोला म्हणाली. उठली, आणि तो खड्डा तिनं स्वतः भरून काढला. त्यानं मदतीला हात पुढं केला, तो तिनं घेतला नाही.

पुलाच्या तोंडाशी पन्नास पावलांचा चढाव आहे. त्यावर तोवर डांबर पडलं होतं. तंबाखूचे ट्रक आणि विगानच्या बसगाड्या दिवसभर त्यावरून जायच्या. सरकारी रस्ता खणता येत नाही. पाद्री तिच्याबरोबर तिथं आले, रस्त्याच्या कडेला उभं राहून त्यांनी प्रार्थना म्हटली आणि पवित्र पाणी शिंपडलं. एका ट्रकवाल्यानं कर्णा वाजवून त्यांना बाजूला व्हायला सांगितलं. पाद्री बाजूला झाले.

त्या दिवसापासून सेवेरिना पुलावरून गेली नाही. बाजार नदीपलीकडे होता. ती खालच्या अंगाला, उताराच्या वाटेनं नदीत उतरायची आणि चादरींचं गाठोडं डोक्यावर धरून पाणी तुडवत पलीकडे जायची. पावसाळ्यात नदी फुगली की आठवडेच्या आठवडे ती बाजाराला जायची नाही, घरात असेल ते खायची. लोकांनी तिला वेडी ठरवलं. क्रिसांतोनं दोनदा निरोप पाठवला की माझ्या गाडीतून चल. तिनं उत्तर दिलं नाही. मातेच्या मिरवणुकीत तिला पुढं उभं राहायचा मान दिला, तोही तिनं घेतला नाही.

चार वर्षांनी मार्सेलिना माहेरी आली, कडेवर दहा महिन्यांची मुलगी घेऊन. सेवेरिनानं आजवर पत्रातून काही कळवलं नव्हतं. जेवणं झाल्यावर, नात झोपल्यावर, तिनं सगळं सांगितलं. मार्सेलिना ऐकत राहिली.

"मी बसमधून आले, नानांग," ती शेवटी म्हणाली. "पुलावरून."

"तुला कुठं माहीत होतं."

"तातांगवर राग येतो का तुला?"

सेवेरिनानं विचार केला. "येतो. तीन वर्षं माझ्या शेजारी बसून जेवला आणि बोलला नाही. मला सांगितलं असतं तर मी स्वतः पेटी रिकामी करून दिली असती. नसती दिली कदाचित. काय माहीत." तिनं नातीच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. "लढाई संपली की परत ठेवीन, असं त्याच्या मनात असणार. परत आला असता तर मी भांडले असते त्याच्याशी. आता किती भांडणार."

मार्सेलिना आठवडाभर राहिली. निघायच्या दिवशी बस पुलापलीकडच्या बाजारातून सुटणार होती. दोघी नदीपर्यंत एकत्र आल्या. उताराशी मार्सेलिनानं चपला काढल्या, त्या पिशवीत कोंबल्या, परकर वर खोचला आणि मुलीला कडेवर घेऊन पाण्यात उतरली. पाणी गुडघ्याच्या वर होतं. सेवेरिना पिशवी डोक्यावर धरून तिच्या मागं चालत होती आणि खालचे निसरडे दगड कुठं आहेत ते सांगत होती.